मिहो, मिहा, मिहे

मेसेज रात्री पावणेअकराला आला, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, बावीस जण बघत असताना. दोन्यानं लिहिलं होतं, नेहमीसारखं एकही स्वल्पविराम न टाकता, स्पॅनिशमधे: मिहो डब्यातले सहाशे चाळीस डॉलर कुठं आहेत सोमवारी वकिलाला द्यायचेत.

मी भांडी घासत होते. ओल्या अंगठ्यानं फोन उघडला आणि खरं सांगते, माझी नजर पैशावर गेलीच नाही, ती त्या 'मिहो'तल्या 'हो'वर जाऊन अडकली. आता पेटणार, असं मनात आलं, आणि पेटलंच. पहिल्या दहा मिनिटांत तिघांनी लिहिलं की मिहो नाही, मिहे. एकानं हार्ट टाकला. एकीनं लांबलचक परिच्छेद टाकला की चुकीचं सर्वनाम वापरणं ही हिंसा आहे आणि मोठ्या माणसांनी तरी हे आता शिकायला हवं. मध्यरात्रीपर्यंत एकसष्ट मेसेज झाले होते, मी मोजले, आणि त्यात पैशाबद्दलचा फक्त एक होता, तोही दोन्याचाच: बरं पण पैसे.

थोडं मागं जाते, नाहीतर कळणार नाही.

मी तासगावकडची, नऊ वर्षं झाली शिकागोत. लॅबमधे काम करते, रक्ताच्या बाटल्या मशीनमधे घालते आणि रिपोर्ट काढते. बाई आहे, बायकांवर प्रेम करते, हे आईला सांगून झालंय, गावाला सांगायचं राहिलंय. स्पॅनिश शिकायचं म्हणून पिल्सनमधल्या एका तळघरात दर गुरुवारी जायला लागले. पिल्सन हे नाव चेक लोकांनी ठेवलेलं, त्यांच्या गावावरून, पण गेली साठेक वर्षं ती मेक्सिकन लोकांची वस्ती आहे, पिंक लाइनच्या अठराव्या रस्त्याच्या स्टेशनला उतरलं की भिंती-जिने सगळं रंगवलेलं, आणि थंडीत कोपऱ्यावर कूलर घेऊन तामालेस विकणाऱ्या बायका. तळघरात जमणारी सगळी स्पॅनिश बोलणारी, सगळी आपापल्या घरातनं कधी ना कधी बाहेर पडलेली किंवा काढलेली. मी भाषा शिकायला गेले आणि खुर्च्या लावायच्या कामाला लागले, जसं कुठल्याही मंडळात होतं.

दोन्या साठीच्या पुढची आहे, मेक्सिकोतल्या मिचोआकानची, ट्रान्स बाई. 'दोन्या' हे नाव नाही, मान आहे, आपल्याकडच्या 'बाई' आणि 'काकू' यांच्या मधलं काहीतरी. ती तांदा चालवते. तांदा म्हणजे आपली भिशी, अगदी तीच, दहा जणांनी दर आठवड्याला पैसे घालायचे आणि पाळीपाळीनं एकेकानं उचलायचे. त्यातनंच पुढं आमचा छोटा फंड निघाला, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातला, कुणाच्या वकिलासाठी, कुणाच्या औषधासाठी.

आणि मिहो. मी हिहो, म्हणजे 'माझ्या पोरा', ते भरभर बोलताना झालं मिहो. मुलगी असली की मिहा. म्हातारी मेक्सिकन माणसं बसच्या ड्रायव्हरलासुद्धा मिहो म्हणतात. आणि ज्यांना यातलं कुठलंच बसत नाही त्यांच्यासाठी आता मिहे.

ज्याला दोन्यानं मिहो म्हणलं ते माझं दोस्त. हो, 'माझं दोस्त', मराठी चुकलेलं नाही, सांगते.

आमची ओळख झाली तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या गुरुवारी मी दोस्ताला 'एया' म्हणाले, म्हणजे ती. त्याचं सर्वनाम 'एये', ना तो ना ती. माझी जीभ चुकली आणि मग मी जी माफी मागायला लागले ती थांबेचना, आमच्याकडं हे नवीन आहे, मी स्वतः लेस्बियन असून मला कळायला पाहिजे होतं, वगैरे वगैरे. दोस्तानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणालं, अगं, दुरुस्त कर आणि पुढं चल, आता तुझी माफी मला उचलून धरावी लागतीये आणि माझ्या हातात आधीच कॉफी आहे.

त्या रात्री मी त्याला सांगितलं की आमच्या मराठीत तीन लिंगं आहेत. ते इतकं खूश झालं की टेबलावर हात आपटला. तीन? आणि आम्ही एका अक्षरासाठी वीस वर्षं मारामारी करतोय? मग मला खरं काय ते सांगावं लागलं. की तिसरं आहे, पण त्याचं शाळेतलं नाव नपुंसकलिंग, आणि नपुंसक ही शिवी आहे, शाळेत हा धडा आला की मागच्या बाकावर पोरं कुणाकडं बघून हसायची ते मला अजून आठवतं. की त्यात घर, झाड, कुत्रं, पुस्तक असलं सगळं येतं. की मोठ्या माणसाला त्या लिंगात बोललं तर तो सहसा अपमान असतो, 'कुठं उलथलंय ते' असं. की 'त्याला, त्याचं, त्याच्याशी' म्हणलं की नपुंसकलिंग पुन्हा पुल्लिंगाच्याच कपड्यात दिसतं, म्हणजे स्वातंत्र्य अर्धंच. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आमच्याकडं 'मी'लासुद्धा लिंग आहे. इंग्लिशमधे आय वेंट म्हणून मोकळं होता येतं. मराठीत मी गेलो की गेले, हे तोंड उघडल्या उघडल्या सांगावं लागतं. स्पॅनिशमधे निदान 'मी गेले' म्हणताना सुटका आहे, पण 'मी दमले' म्हणायला गेलं की कान्सादो की कान्सादा, आलंच.

पण मग बोलता बोलता मलाच एक गोष्ट लक्षात आली जी तीस वर्षं मराठी बोलून आली नव्हती. स्पॅनिशमधे दहा बायका आणि एक बाप्या असला की सगळा घोळका पुल्लिंगी होतो, नोसोत्रोस म्हणजे आम्ही, तोदोस म्हणजे सगळे. त्यावरूनच तर सगळं भांडण. मराठीत बायका-बाप्ये एकत्र आले की आपण काय म्हणतो? माणसं आली. मुलं खेळतायत. सगळी जमली. नपुंसकलिंगच की! मुलगे आणि मुली मिळून 'मुलं', आणि 'आम्ही गेलो' तर बायकापण म्हणतात. 'तोदोस'च्या जागी ज्या 'तोदेस'साठी तिकडं शाळांमधे रणं माजलीत ते 'सगळी' आमच्याकडं आजी जेवायला हाक मारताना वापरते, आणि कुणाला पत्ताही नाही.

मग दोस्तानं विचारलं, मला काय म्हणशील? मी म्हणलं दोन पर्याय आहेत. 'ते आले', हे सासऱ्यांना, सरांना म्हणतात तसं आदराचं. किंवा 'ते आलं', हे लेकराला, वासराला म्हणतात तसं. दोस्त हसलं. आदर नको, म्हणालं, मला वासरू कर.

तेव्हापासून माझं दोस्त आलं, गेलं, म्हणालं.

आता या अक्षरांबद्दल. लातिनो आणि लातिना या दोन्हींऐवजी, लिंग न सांगणारा लॅटिनएक्स हा शब्द साधारण २००० नंतरच्या पहिल्या दशकात इंटरनेटवर दिसायला लागला. त्याआधी नव्वदीत लोक ईमेलमधलं ॲटचं चिन्ह लावायचे, कारण त्यात 'आ' आणि 'ओ' दोन्ही दिसतात, चिन्ह म्हणून हुशार पण वाचणार कसं ते विचारू नका. १२ जून २०१६ ला ऑरलँडोत पल्स नावाच्या गे क्लबमधे लॅटिन नाइट चालू असताना ४९ जणांना गोळ्या घालून मारलं, त्यात बरेचसे पोर्तो रिकोचे. त्यानंतर हा शब्द बातम्यांमधे जास्त दिसायला लागला, कारण गेलेल्यांना एका शब्दात काय म्हणायचं हा प्रश्न अचानक खरा झाला होता.

पण ज्यांच्यासाठी शब्द, त्यांच्यातले किती जण वापरतात? प्यू रिसर्च या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेनं २०२० मधे छापलं की अमेरिकेतल्या हिस्पॅनिक प्रौढांपैकी २३ टक्क्यांनी तो ऐकला होता आणि ३ टक्के स्वतःसाठी वापरत होते. २०२४ मधे पुन्हा विचारलं तर ऐकलेले ४७ टक्के झाले, वापरणारे ४. आणि मला हे नवल वाटत नाही. एक्स स्पॅनिश तोंडात बसतच नाही. लातिन-एकिस? तोदोएकिस? तो कीबोर्डवर जन्मलेला शब्द आहे, स्वयंपाकघरात त्याला कुणी हाक मारू शकत नाही. 'ए' मात्र बोलता येतो. तोदेस, लातीने, आमिगे, कोंपान्येरे. अर्जेंटिनातल्या शाळकरी पोरांनी तो आंदोलनात बोलून बोलून रुळवला, माझ्या मते म्हणूनच तो टिकेल.

माद्रिदमधली रॉयल स्पॅनिश अकादमी १७१३ पासून भाषेची राखण करतीये. २०२० च्या ऑक्टोबरमधे त्यांनी 'एये' हा शब्द, फक्त निरीक्षणाखाली असलेल्या शब्दांच्या ऑनलाइन यादीत टाकला, आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच काढूनही टाकला. ब्युनोस आयर्स शहरानं २०२२ मधे शाळांत शिक्षकांना 'ए', एक्स आणि ॲट वापरायला बंदी घातली. अर्जेंटिनात मिलेई राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर २०२४ मधे 'ए'ला सरकारी कागदांतनंही हाकललं. इकडं आर्कन्सॉच्या गव्हर्नर बाईंनी २०२३ च्या जानेवारीत शपथ घेतली त्याच दिवशी सरकारी कामात लॅटिनएक्सला बंदी केली, पहिल्या दिवशी! म्हणजे रस्ते, शाळा, दवाखाने सगळं नंतर, आधी हे अक्षर. एवढ्याशा अक्षराला एवढी मोठी माणसं घाबरतात हे बघून मला ते उलट आवडायला लागलं.

आणि हसण्यावारी न्यायची गोष्टही नाही. २०२१ मधे मेक्सिकोतला एका ऑनलाइन वर्गाचा व्हिडिओ फिरला, एक विद्यार्थी रडून सांगतंय की मी कोंपान्येरा, म्हणजे सोबतीण, नाही, कोंपान्येरे आहे, आणि अख्ख्या खंडानं त्याचे मीम केले. मेक्सिकोतल्याच आगुआसकालिएन्तेसच्या निवडणूक न्यायालयात हेसुस ओसिएल बाएना नावाचं मॅजिस्ट्रेट होतं, नॉनबायनरी, म्हणजे ना बाई ना बाप्या, सूट, स्कर्ट आणि हातात इंद्रधनुषी पंखा, स्वतःला 'माहिस्त्रादे' म्हणवून घेणारं. १३ नोव्हेंबर २०२३ ला ते आणि त्याचा जोडीदार घरात मेलेले सापडले. सरकारी वकिलांनी म्हणलं घरगुती प्रकरण, आणि हजारो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले कारण त्यांना ते पटलं नाही. त्या आठवड्यात आमच्या तळघरात कुणी फार बोललं नाही. दोन्यानं अतोले केलं होतं, मक्याच्या पिठाचं गरम पेय, ते सगळ्यांनी प्यायलं.

म्हणजे 'ए' क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाहीये. माझ्या दोस्ताला त्या रात्री बावीस जणांपुढं मिहो म्हणलं गेलं आणि ते लागलं असणार. ते खरं होतं. अडचण अशी की सहाशे चाळीस डॉलरपण खरे होते.

आणि मला माहीत होतं ते कुठं गेले.

तीन आठवडे आधी प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना दोस्तानं मला सांगितलं होतं. रेस्टॉरंटमधली नोकरी गेली, भाडं थकलं, डबा त्याच्याकडंच ठेवायला होता. पुढच्या महिन्यात परत ठेवीन म्हणून घेतले. नुसतं बर्फ पडत होतं आणि ते माझ्याकडं न बघता बोलत होतं. मी म्हणलं, अगं होईल काहीतरी. 'अगं' म्हणाले मी, त्या गडबडीत. त्यानं दुरुस्तपण केलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ते किती घाबरलंय.

तर त्या रात्री एकसष्ट मेसेज पडत असताना दोस्त गप्प होतं आणि मीही गप्प होते. आम्हा दोघांनाही तो 'हो' सोयीचा पडला. त्याच्यामागं लपता येत होतं.

रविवारी मीटिंग ठरली. तरुण मंडळींपैकी काहींना तेवढ्यावर समाधान नव्हतं, त्यांना दोन्याबद्दल जाहीर पोस्ट हवी होती. एक म्हणाला, एस्क्राचे करूया. मला तो शब्द तिथं ऐकून कसंतरी झालं. एस्क्राचे अर्जेंटिनाचं. लष्करी राजवटीत ज्यांचे आईबाप गायब केले त्या मुलांनी, इहोस नावाच्या संघटनेनं, ते नव्वदीत सुरू केलं. छळ करणारे अधिकारी माफीच्या कायद्यांनी सुटले होते आणि आरामात गल्लीत भाजी आणायला जात होते. तर ही मुलं त्यांच्या घरासमोर जमायची, ढोल वाजवायची, रस्त्यावर रंगवून ठेवायची की इथं खुनी राहतो, शेजाऱ्यांनो ओळखून असा. न्याय नसेल तर एस्क्राचे, अशी घोषणा. कोर्टाचं दार बंद म्हणून गल्लीचं दार. आता तेच हत्यार एका म्हातारीवर, एका स्वराबद्दल? आणि दोन दिवसांनी पैशाचं कळल्यावर तेच दोस्तावर फिरलं असतं, हेही मला दिसत होतं. जनरलवर केलेलं एस्क्राचे आणि भाडं थकलेल्या सत्तावीस वर्षांच्या पोरावर केलेलं, हे एक नाही.

बरं, पोलिसांकडं जायचा प्रश्नच नव्हता. तळघरातल्या अर्ध्या लोकांकडं कागद नाहीत. २०१८ मधे रोक्साना एर्नांदेस नावाची ओंदुरासची ट्रान्स बाई अमेरिकेत आसरा मागायला आली आणि दोनेक आठवड्यांत इमिग्रेशनच्या कोठडीत असतानाच न्यू मेक्सिकोत वारली, तिचा फोटो आमच्या डब्याच्या वरच भिंतीला लावलेला आहे. तेव्हा जे काही करायचं ते घरच्या घरीच.

मीटिंग दोन तास चालली. त्यातला पावणेदोन तास सर्वनाम. दोन्या भिंतीला टेकून बसली होती, कोट न काढता. एका क्षणी ती म्हणाली, सगळ्यांना 'अहो' घालून, ती सगळ्यांना 'अहो'च म्हणते, उस्तेद, ज्याला लिंगच नाही, तर म्हणाली, मला तुमचा 'ए' कळतो, पण तुम्ही मलापण तोदेसमधे घालता तेव्हा मी कुठं जाते? माझा 'आ' मला फुकट मिळालेला नाही. चाळीस वर्षं लोकांनी मला 'ओ' म्हणून मारलं. आता कुठं 'आ' म्हणायला लागलेत.

यावर कुणाकडं उत्तर नव्हतं आणि मला वाटतं अजून नाही. लॉस एंजेलिसमधे बाम्बी साल्सेदो यांनी २००९ मधे उभी केलेली ट्रान्स लातीनांची संघटना आहे, तिच्या नावात अजून ते जुनं ॲटच आहे. अर्जेंटिनात जुन्या पिढीच्या त्रावेस्तींनीच, म्हणजे तिकडच्या ट्रान्स बायकांनीच तर २०१२ चा कायदा लढून आणला, डॉक्टर-जज्ज न लागता आपलं नाव आपण बदलायचा, आणि २०२१ मधे सरकारी नोकऱ्यांत ट्रान्स लोकांसाठी एक टक्का जागांचा कायदा झाला त्याला दियाना साकायान आणि लोआना बेर्किन्स या दोघींची नावं आहेत, दोघीही तोवर वारलेल्या. त्या 'ए'च्या आधीच्या बायका. आणि आपल्याच माणसांनी अशांना ओरडून गप्प करणं जुनं आहे. सिल्विया रिवेरा, ट्रान्स कार्यकर्ती, बाप पोर्तो रिकोचा, आई वेनेझुएलाची, १९७३ मधे न्यूयॉर्कच्या प्राइडच्या स्टेजवर तुरुंगातल्या भावाबहिणींबद्दल बोलायला चढली तर गे आणि लेस्बियन गर्दीनंच हुर्यो उडवली. २०१५ मधे व्हाइट हाउसच्या प्राइडच्या पार्टीत हेनिसेत गुतिएरेस ही ट्रान्स कार्यकर्ती ओबामांना मधेच थांबवून कोठडीतल्या ट्रान्स बायकांबद्दल ओरडली, तिलाही खोलीतल्या पाहुण्यांनीच शूऽ केलं. बेचाळीस वर्षांचं अंतर, सूटबूट वेगळे, शूऽ तीच. आणि त्या रविवारी भिंतीला टेकून कोटातली दोन्या, आणि शूऽ करणाऱ्यांत मी, न बोलता.

न बोलता नाही, त्याहून वाईट. निवेदन लिहायचं काम माझ्याकडं आलं. का, तर मी लॅबचे रिपोर्ट लिहिते, माझं इंग्लिश कुणाला टोचत नाही. मी लिहिलं. चांगलं लिहिलं. समुदाय, जखम, ऐकून घेणं, सुरक्षित जागा. अकाउंटॅबिलिटी हा शब्द सात वेळा. सहाशे चाळीस हा आकडा एकदाही नाही. ठरवून नाही. म्हणजे, ठरवूनच.

दोन्या म्हणाली, स्पॅनिशमधे वाचा.

एकजण वाक्यावाक्यानं भाषांतर करत वाचायला लागला आणि अकाउंटॅबिलिटीपाशी अडकला. स्पॅनिशमधे त्याला सरळ शब्द नाही. रेस्पोन्साबिलिदाद म्हणजे नुसती जबाबदारी. कुणीतरी म्हणालं आसेर्से कार्गो, अंगावर घेणं. कुणीतरी म्हणालं, सरकारी भाषेत रेन्दिसियोन दे क्वेन्तास म्हणतात. शब्दशः, हिशेब सादर करणं.

क्वेन्तास? दोन्या म्हणाली. हिशेब? ते माझ्याकडं आहेत की. आणि पिशवीतनं वही काढली.

चौकटीची शाळकरी वही, वर पाण्याचा डाग. मला ती वही बघून एकदम आमचं घर आठवलं. आईचा बचत गट. महिन्याच्या पाच तारखेला ओसरीवर पंधरा बायका, आणि आई मोठ्यानं वाचायची, सुमन, बाकी दोनशे चाळीस. आणि सुमनकाकू सगळ्यांपुढं म्हणायची, या म्हैन्याला न्हाई जमलं, पुढल्या म्हैन्याला देते. आई लिहायची. पुढचं नाव. सुमनकाकूला कुणी वाईट म्हणलं नाही आणि कुणी बाकी पुसलीपण नाही, आणि नंतर सगळ्यांबरोबर तिलाही चहा. जाब विचारणं, जबाब देणं, जबाबदारी, हे सगळं एकाच घरातलं आहे, हे मला त्या तळघरात, स्पॅनिश ऐकताना कळलं.

दोन्या वाचत गेली. तारीख, कुणी टाकले, किती. शेवटच्या ओळीला आली आणि थांबली. तिनं दोस्ताकडं बघितलंसुद्धा नाही, वहीकडंच बघत राहिली. फार शांत झालं. हीटरचा आवाज तेवढा.

मी म्हणाले, मला माहीत आहे ते कुठं गेले, तीन आठवड्यांपासून.

हे मी धाडसानं वगैरे म्हणलं नाही. मला वाटलं दोस्तानं बोलावं, ते बोलेना, आणि त्या शांततेत मला बसवेना. दोस्तानं माझ्याकडं जे बघितलं ते मी इथं लिहिणार नाही. मग ते बोललं. भाडं, नोकरी, सगळं. मग माफी मागायला लागलं, इंग्लिश-स्पॅनिश मिसळून, रडत, मी असं माणूस नाही, माझा तुमच्यावर इतका जीव आहे, आणि थांबेचना. दोन्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, आठवड्याला किती जमेल?

चाळीस, दोस्त म्हणालं.

निवेदन कुठं गेलं मला माहीत नाही. बहुतेक खुर्चीवरच राहिलं. वकिलाला सोमवारी पैसे गेले, दोन्यानं तांद्यातली तिची स्वतःची पाळी पुढं ओढून घेतली, हे मला नंतर कळलं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला मधे मधे थांबवून समजवावं लागत होतं. पोरगा का पोरगी, तिनं विचारलं. दोन्ही नाही गं. मग लेकरू म्हण की, त्यात काय एवढं. आणि लगेच, दिलं का पैसं लेकरानं?

मी फोन ठेवल्यावर बसून राहिले. मी हिहे, मिहे. माझं लेकरू. इतके दिवस मी त्याचं मराठी शोधत होते.

दोस्त माझ्याशी दोन आठवडे बोललं नाही. ते बरोबरच होतं, पैशाचं गुपित मी जपलं आणि मग सगळ्यांपुढं फोडलं, त्यातलं कुठलं जास्त चुकलं याचा हिशेब माझा अजून चालू आहे. नंतर एकदा फक्त एक मेसेज आला, तू मला 'अगं' म्हणाली होतीस त्या दिवशी. मी लिहिलं, हो, चुकलं. एवढंच लिहिलं.

मीटिंगनंतरच्या पहिल्या गुरुवारी मात्र ते वेळेवर आलं होतं, तळघरात कुणी नव्हतं, दोन्या, मी आणि ते. त्यानं पाकीट दिलं. दोन्यानं नोटा मोजल्या, दोन वेळा, तोंडानं. मग वही उघडली. शेवटच्या ओळीत तिनं नावाऐवजी 'मिहो' लिहिलं होतं, पुढं सहाशे चाळीस. पिशवीतनं बॉलपेन काढून तिनं शेवटचा 'ओ' खोडला आणि वर 'ए' काढला, जरासा तिरका, जागा कमी होती. मग खाली लिहिलं ४०. त्याच्याखाली रेघ. त्याच्याखाली ६००. आणि वही फिरवून सहीसाठी दोस्तासमोर सरकवली.

दोस्त बराच वेळ त्या ओळीकडं बघत होतं. मग सही केली.

दोन्यानं वही बंद केली, कोटाची बटणं काढायला लागली. मिहो, म्हणाली, त्या खुर्च्या... मिहे. मिहे, त्या खुर्च्या लावून घ्या, लोक येतील आता.